मेणबत्तीसमोरची काच

त्या उन्हाळ्यात मामांच्या घरी तीन तऱ्हेचं पाणी असायचं आणि कुठलं कशाला वापरायचं हे लातूरला उतरल्या उतरल्या मामींनी मला शिकवलं. हापश्याचं पाणी खारट, ते भांड्यांना आणि मोरीला. टँकरचं गढूळ, ते तुरटी फिरवून, फडक्यातून गाळून अंघोळीला आणि स्वयंपाकाला. आणि गावाबाहेरच्या एका मळ्यातल्या आडाचं गोड पाणी, ते फक्त प्यायला. मळेवाल्याच्या घरच्या दोन लग्नांचे फोटो मामांनी काढले होते, त्या ओळखीवर रोज दोन घागरी मिळायच्या. "तुझ्या आज्जीच्या टायमाला आपल्याला त्या आडाच्या आसपास फिरकू दिलं नसतं कुणी," असं मामी एकदाच म्हणाल्या आणि पुन्हा चुंबळ नीट करू लागल्या. हापश्याचा दांडा उसळून त्यांचं उजवं मनगट दुखावलं होतं. म्हणून तर मला नांदेडहून बोलावून घेतलं होतं.

माझी परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता. नांदेडला मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठी, पण चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की मी आधी मनात वाक्य जुळवायची, तपासायची, आणि तोवर बोलण्याचा विषय पुढे गेलेला असायचा. त्यामुळे मी शांत आणि गुणी मुलगी म्हणून ओळखली जायची. मामी मात्र मला मडम म्हणायच्या. "आमच्या मडमला भाकरी थापायला येती का, का नुसती वाचायला येती?" मला थापता यायची नाही. त्या डाव्या हातानं थापायच्या, मी चुलीवर उलटायची. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दिवसाआड हुलग्याच्या भाजल्या पिठाचं पातळ माडगं. भाजी म्हणावी असं बाजारात काहीच येत नव्हतं. माडग्याचा तो करपट वास मला तेव्हा आवडत नव्हता. आता वयाच्या या टप्प्यावर मी मुद्दाम हुलगे शोधून आणते, पण ते माडगं काही जमत नाही.

घराची पुढची खोली म्हणजे मामांचा स्टुडिओ. एका भिंतीवर निळा पडदा, एक स्टूल, आणि मागच्या बाजूला खिडकी बुजवून केलेली अंधारी खोली. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. समोरच्या रस्त्यावर रंगारी शिडीवर बसून दुकानांच्या पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसत आणि नवं लिहीत असायचा. कचेऱ्या उघडत होत्या, माणसं बदलून येत होती आणि प्रत्येकाला ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. सकाळी दहापासून स्टुलावर कारकून बसायचे. मामा त्यांना म्हणायचे, "सायब, श्वास सोडा. सोडा म्हणलं. फोटू काढून राहिलोय, इंजेक्शन न्हाई."

मामांचं नाव किसन. शाळा चौथीपर्यंत, पण हात असा की फोटोतला माणूस स्वतःपेक्षा थोडा बरा दिसायचा. कित्येक वर्षं थांबून, हैदराबादच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी एक परदेशी लेन्स मागवली होती. मी आले त्याच आठवड्यात ती आली, आणि तिच्यासोबत तिच्या तोंडावर बसवायची एक गोल साधी काच. मामा तिला फिल्टर म्हणायचे, मामी चष्मा म्हणायच्या. मामांनी ती काच लेन्सवर फिरवून बसवली आणि पुन्हा कधी काढली नाही. त्यांच्याकडे कारण होतं. आदल्या वर्षी दुष्काळी कामावर, खडी फोडणाऱ्या बायांचे फोटो काढताना एक कपची उडून थेट कॅमेऱ्यावर आली होती. जुन्या लेन्सवरचा फिल्टर तडकला, लेन्स वाचली. ती तडकलेली काच मामांनी जपून ठेवली होती आणि गिऱ्हाइकांना काढून दाखवायचे.

त्यांना हे काम शिकवलं ते शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरनं. सगळे त्यांना उस्तादच म्हणत. ते रोज चहाच्या वेळी यायचे आणि कॅमेऱ्याकडे बघून तोंड वाकडं करायचे.

"किशन, इत्ती अच्छी आँख मंगाया, और उसपे खिडकी का काच कायकू चिपकाया?"

"उस्ताद, धूळ बगा की बाहेर. डोळ्यात जाती, लेन्समदी न्हाई जायची का?"

"धूल आँख में जाती बोलके तू आँखाँ बंद करके चलता क्या?"

"काच फुटली तर दुसरी आणीन. लेन्स कुठून आणू?"

"बक्से में रख दे फिर. बिल्कुल सलामत रहती."

हे भांडण रोजचं होतं आणि दोघांना ते हवं असायचं. मी चहा ठेवून आत जायची. पण आतून ऐकायची सगळं.

फिल्टरसोबत एक घडीचा कागद आला होता, सगळा इंग्रजीत. मामांनी तो पहिल्याच दिवशी माझ्यापुढे ठेवला. "उज्जू, वाच बरं काय लिवलंय." मी वाचून मराठीत सांगत गेले. धुळीपासून, ओलाव्यापासून, बोटांच्या डागांपासून रक्षण होतं. कायम लावून ठेवता येतो. मामांचा चेहरा खुलत गेला. "बघ. आता उस्तादला हेच सांगतो." खाली अजून एक ओळ होती. समोर दिवा किंवा ज्योत असेल तर फिल्टर काढून ठेवावा, नाहीतर फोटोत खोटं प्रतिबिंब उमटू शकतं. ती वाचेपर्यंत मामा उठून उस्तादांकडे निघाले होते. मी कागदाची घडी घातली. नंतर सांगू म्हटलं. माझं बहुतेक सगळं असंच नंतरवर जायचं.

मग डागांचं प्रकरण सुरू झालं. त्या उन्हाळ्यात आमच्या लोकांची जी लग्नं झाली, त्यांच्या फोटोंत फिकट ठिपके यायला लागले. आमच्या लग्नात बुद्धमूर्तीपुढे वधूवर मेणबत्त्या लावतात, तो फोटो सगळ्यांना हवा असतो. नेमका तोच खराब. कधी नवरदेवाच्या खांद्यावर, कधी भन्तेंच्या चीवरावर पांढुरका डाग. मामा फ्लॅश वापरायचे नाहीत त्या क्षणाला. फ्लॅश मारला की मेणबत्ती मरते म्हणायचे. पिवळा उजेड चेहऱ्यावर आला पाहिजे. आता त्या चेहऱ्यांवर डाग.

मामांनी दोष पाण्याला दिला. त्यात नवल काही नव्हतं. त्या साली लातुरात कुठल्याही बिघाडाला पाणीच कारण असायचं. फोटो धुवायला आधी हापश्याचं पाणी होतं, ते बंद करून टँकरचं आलं. मग तेच चार वेळा गाळून. मग उकळून, निववून. मामींची जुनी लुगडी फाडून गाळणी झाली. "माणसाला प्यायला न्हाई," मामी म्हणायच्या, "आन फोटूला आंघोळ, तीबी ऊन पाण्याची."

एका दुपारी मी वाळलेले फोटो निवडत बसले होते. कारकुनांच्या फोटोंत डाग नव्हते. हिंदू लग्नं उघड्या मांडवात, उन्हात झालेली, त्यांतही नव्हते. पाणी तर एकच. मेणबत्तीच्या फोटोंतला डाग मी नीट पाहिला, तर तो डाग नव्हताच. ती ज्योत होती, उलटी, टोक खाली. मी पट्टी घेऊन खऱ्या ज्योतीपासून उलट्या ज्योतीपर्यंत रेघ धरली. ती फोटोच्या बरोबर मधून जात होती. दुसऱ्या फोटोत तसंच. तिसऱ्यातही. घडी घातलेल्या कागदातली ओळ मला शब्दन्‌शब्द आठवली.

मी सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे आधी वाचून न दाखवलेल्या ओळीची गोष्ट सांगायची, आणि त्यांची इतक्या वर्षांनी आलेली वस्तू, तिच्यात खोट काढायची. मी वाक्य जुळवत राहिले. तोवर मामी तिसरं लुगडं फाडत होत्या.

सोपानकाकांचा निरोप आला तो याच दिवसांत. सोपानकाका मामांचे लहानपणचे सोबती, उमरीला रेल्वेत गँगमन होते. पोटाच्या दुखण्यानं नांदेडच्या सरकारी दवाखान्यात पडून होते आणि घरी परत येतील असं कुणी बोलत नव्हतं. त्यांच्या मुलीचं, कमलचं लग्न ठरलेलं. उमरीला विहिरी आटल्या होत्या, वऱ्हाडाला पाणी कुठून आणायचं, म्हणून लग्न नवरदेवाच्या गावी, लातुरात धरलं. लोक म्हणाले, सोपानला बरं वाटेपर्यंत थांबू. काकांनी कळवलं, थांबायचं नाही, फक्त किसनला सांगा, मला एक फोटो पाहिजे. दोघं मेणबत्ती लावतानाचा. कमलचं तोंड नीट दिसलं पाहिजे.

मामांनी निरोप ऐकला आणि मामींना म्हणाले, "त्या फोटूला आडाचं पाणी घ्यायचं. एक घागर राखून ठेव." मामींनी या वेळी काही टोमणा मारला नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी मामांचे डोळे आले. धुळीनं गावात निम्म्या लोकांचे आले होते. सकाळी पापण्या चिकटलेल्या, कोमट पाण्यानं सोडवाव्या लागायच्या. उजेडाकडे बघवेना. उस्तादांचे हात कापायचे, त्यांनी कॅमेरा सोडून वर्षं झाली होती. मी दोन महिने अंधाऱ्या खोलीत मदत करत होते, दुपारी कारकुनांचे फोटो काढायलाही मामांनी शिकवलं होतं. मामा काळा चष्मा लावून माझ्याकडे तोंड करून बसले. "तूच काढ, बाई. स्टँडवर लाव, श्वास धर, हळूच दाब. आन फिल्टर काढू नको. लई माणसं असत्यात, पोरं हात लावत्यात."

"मामा," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

लग्न शाळेच्या हॉलमध्ये होतं. त्या साली फुलं मिळत नव्हती. बोगनवेलीला तेवढं पाणी लागत नाही, म्हणून कुठल्या कुठल्या कुंपणांवरची गुलाबी फुलं टोपल्यांत आणली होती, कागदासारखी कोरडी, हातात घेतली की सळसळणारी. मेणबत्त्या विझू नयेत म्हणून पंखे बंद केले होते. माणसं घामानं निथळत होती आणि हातातल्या पत्रिकांनी वारा घेत होती. भन्ते आले, सगळे बसले. मामा शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून, काळा चष्मा लावून.

मी कॅमेरा स्टँडवर लावला आणि आत डोकावले. डावीकडे खाली मेणबत्त्या, उजवीकडे वर कमल. मनातल्या मनात पट्टी ठेवली. मेणबत्तीपासून मधून निघालेली रेघ सरळ कमलच्या तोंडावर जात होती. स्टँड सरकवायला जागा नव्हती. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला खिडकी. काडी ओढल्याचा आवाज आला. मी फिल्टरला हात घातला. तो फिरेना. आट्यांत दोन महिन्यांची धूळ बसली होती. मी वेणीचं रबर ओढून काढलं, फिल्टरभोवती गुंडाळलं आणि जोर लावला. कर्र करून तो सुटला, मी तो खिशात टाकला. केस मोकळे सुटून तोंडावर आले, मागे कुणीतरी हसलं. मागे वळून पाहिलं असतं तर मामा दिसले असते. मी पाहिलं नाही. कमलनं मेणबत्तीला काडी लावली आणि मान वर केली. मी श्वास धरला.

नंतर फुलं उधळली, "साधू, साधू, साधू" झालं, आणि बायांनी मला हाताला धरून बाहेर नेलं. फाटकाशी आमचा एक काढ म्हणाल्या. बाहेर वावटळ फिरत होती. लेन्सवर धूळ बसलेली दिसली आणि मी रोज शंभरदा करायची ते केलं. ओढणीचं टोक घेतलं आणि गोल फिरवून पुसलं. बारीक खर्र असा आवाज आला. तेव्हा लक्षात आलं की मध्ये काच नाही. ओढणीखाली मामांची लेन्सच होती.

एक बारीक ओरखडा, कडेपासून आत आलेला. मी खिशातून फिल्टर काढला आणि त्यावर बसवला. बसवल्यावर ओरखडा दिसेनासा झाला. हे मला सगळ्यांत जास्त आठवतं, किती सहज तो दिसेनासा झाला.

दुपारी मी अंधाऱ्या खोलीत, मामा दाराबाहेर जमिनीवर. त्यांना आत काही दिसलं नसतं, म्हणून ते बाहेरून सेकंद मोजत होते. "...अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. आता हलीव. हळू." लाल दिव्याखाली कागदावर आधी कमलचे केस आले, मग डोळे, मग ओठांची रेघ. तिच्या तोंडावर मेणबत्तीचा उजेड होता आणि दुसरं काही नव्हतं. मी आडाच्या पाण्यात फोटो धुतला आणि बाहेर आणला. मामांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. डोळे लालभडक, पाणी गळत होतं. फोटो नाकाशी नेऊन त्यांनी कितीतरी वेळ पाहिला.

"डाग न्हाई," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "अगं ए, ऐकलं का? डाग न्हाई. म्हणलं होतं की न्हाई, पाण्याचंच होतं. उद्यापासून दोन्ही घागरी फोटूला. आपण टँकरचं उकळून पिऊ."

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, मनगटाला फडकं बांधलेलं. त्यांनी घागरीकडे पाहिलं, मग मामांकडे. "बरं," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी टोमणा मारला असता तर मी कदाचित गप्प बसले असते. "मामा, पाण्याचं नव्हतं," मी म्हणाले. वाक्य जुळवलेलं नव्हतं, तसंच बाहेर पडलं. "फिल्टरचं होतं. मी काढला होता."

मी सगळं सांगितलं. पट्टी, उलटी ज्योत, कागदातली ओळ. मामांनी चष्मा खाली ओढला, त्यामुळे त्यांचे डोळे मला दिसेनात.

"कागदात लिवलं होतं?"

"हो."

"मंग मला कामून न्हाई सांगितलं? मला इंग्रजी येत न्हाई म्हणूनच तुला दिलं ना वाचायला. तुला आवडलं तेवढंच वाचलीस व्हय?"

"तुम्हाला आवडेल तेवढंच वाचलं, मामा."

त्यांनी फोटो परत माझ्या हातात दिला. मी म्हणाले, "आणखी एक आहे," आणि कॅमेरा आणून फिल्टर काढला. मामांनी लेन्स खिडकीच्या उजेडात धरली, वळवून वळवून पाहिली. "कुठं हाय? मला दिसंना." मी बोट दाखवत होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते दुखण्याचं की कशाचं हे मला आजही माहीत नाही.

उस्ताद चहाला आले ते यात सापडले. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि लेन्स डोळ्याशी नेली. "बाल इत्ती लकीर है. तस्वीर कू कुछ नै होता. सूरज सामने रहा तो जरा दिखेंगा."

"बगा उस्ताद," मामा हळूच म्हणाले. "काच असती तर काचेवर गेलं असतं."

"काच नै रहती, तो बच्ची कू ओढनी से पोंछने की आदतच नै लगती."

"दोघंबी गप बसा," मामी म्हणाल्या. "आधी फोटू वाळू द्या. तिकडं माणूस वाट बघून राहिलाय." आणि उरलेली घागर उचलून त्यांनी आत नेली, पिण्याच्या पाण्याच्या जागी.

पुढे मीही या कामात पडले, म्हणून नवी मुलं मला विचारतात, लेन्सवर फिल्टर लावावा का. मी सांगते, धुळीत, खडीवर, लहान पोरांत लावा. ज्योतीसमोर काढा. आणि पुसण्याआधी फुंकर मारा, काच कुणाचीही असो. त्यांना हे फार साधं वाटतं. ती लेन्स मामांनी शेवटपर्यंत वापरली. ओरखड्याबद्दल ते मला पुन्हा कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर इंग्रजीत काहीही आलं, की माझ्यापुढे ठेवून म्हणायचे, "समदं वाच. खालचंबी."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन मामाच जाणार होते. सकाळी त्यांनी तो पुठ्ठ्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. "तू काढलीस, तूच दे." मी नांदेडच्या एस.टी.त बसले आणि सगळ्या वाटेवर पुठ्ठा मांडीवर आडवा धरून ठेवला.

सोपानकाका खाटेवर उशीला टेकून होते, हात काड्यांसारखे झालेले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, किसनमामांची भाची म्हटलं आणि फोटो हातात दिला. त्यांनी तो आधी लांब धरला, मग जवळ घेतला. अंगठा कमलच्या तोंडाच्या बाजूनं फिरवला, तोंडावर न ठेवता.

"भुवई बग तिची," ते म्हणाले. "रागात हाय जरा. लहानपणापसून आशीच. उजेड पडला की भुवई चढवती." मग विचारलं, "किसननं काढला?"

"नाही काका. मी काढला."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. एकेक चेहरा ते बोटानं शोधत गेले. भन्ते, नवरदेव, मागच्या बाया.

"मंग तू कुठं हाईस ह्याच्यात?"

"मी समोर होते, काका. कमल माझ्याकडंच बघते आहे."

त्यांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. मग मला बसायला जागा व्हावी म्हणून पाय थोडे बाजूला घेतले.